मुक्या चित्रफितींचा आवाज

तृतीय वर्षाच्या भाषाविज्ञानाला आम्हांला एक छोटासा प्रकल्प करावा लागतो. आपल्या घरातील किंवा गावातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे पंधरा-वीस मिनिटांचे बोलणे मुद्रित करावयाचे, ते जसेच्या तसे लिहून काढावयाचे आणि त्या बोलीचे एखादे वैशिष्ट्य घेऊन चार पाने लिहावयाची. वर्गातल्या बहुतेकांनी रविवारी गावी जाऊन हे काम उरकले. माझी अडचण निराळी होती. मला ज्या माणसाची बोली हवी होती ती माझी आजी, मालवण तालुक्यातली; आणि ती २०१६ सालीच गेली.

तिचे बोलणे मात्र शिल्लक होते, निदान आम्हांला तसे वाटत होते. मामांनी २००८ च्या गणपतीत एक कॅमेऱ्याचा फोन घेतला होता आणि नव्या नवलाईने आजीला ओटीवर बसवून तिच्या सात लहानलहान चित्रफिती घेतल्या होत्या. एकीत ती गावात पहिली एसटी आली त्या दिवसाची हकीकत सांगते, एकीत विहीर खणली तेव्हाची, बाकीच्यांत अशाच गजाली. पुढे तो फोन बिघडला. मामांनी तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानातून या फिती 'कन्व्हर्ट' करून सीडीवर आणल्या. घरी लावून पाहतात तो आजी दिसते, हात हलवते, हसते. पण आवाज नाही. दुकानदाराने सांगितले, "मूळच्यातच आवाज नाही, माइक गेला असेल." मामांनी ते खरे मानले. फोनातले इवलेसे मेमरी कार्ड पुसून दुसऱ्या कामाला घ्यावे असे त्यांच्या मनात होते. ते राहून गेले याचे एकमेव कारण म्हणजे आईने ते कार्ड आजीच्या बांगड्यांच्या डबीत टाकून ठेवले होते आणि ती डबी कुणी उघडली नव्हती.

प्रकल्पाच्या निमित्ताने मी ती डबी उघडली. संगणकाच्या विषयात मला गती नाही हे प्रथमच सांगून टाकते. पुढे जे लिहिले आहे ते तीन आठवडे धडपडून, चुकून आणि विचारून मिळवलेले आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे एखादे कार्ड किंवा सीडी पडून असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या दिवशी मीही दुकानदाराच्याच वाटेने गेले. कार्डावरच्या फाइलींच्या नावापुढे '३जीपी' अशी अक्षरे होती. घरच्या संगणकावरच्या नेहमीच्या प्लेअरने चित्र दाखवले, आवाज दिला नाही. फाइल बदलून देणारा एक फुकटचा कार्यक्रम उतरवून घेतला. त्याने क्षणभर 'ऑडिओ नॉट सपोर्टेड' अशी पाटी दाखवली आणि पुढच्याच क्षणी 'काम पूर्ण झाले' असे सांगून एक सुबक एमपी४ फाइल हाती दिली. तीही मुकी. मग मी एक शहाणपणा केला : मूळ फाइलीच्या नावातली '३जीपी' ही अक्षरे पुसून तिथे 'एमपी४' लिहिले. अर्थातच काही झाले नाही. दारावरची पाटी बदलल्याने घरातली माणसे बदलत नाहीत, एवढे तरी मला सुचायला हवे होते.

आमच्या भाषाविज्ञानाच्या सरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : "आवाज नाही, हे तुम्हांला कोणी सांगितले?" मी म्हटले, "संगणकाने." ते म्हणाले, "संगणक तसे म्हणालेला नाही. त्याची पाटी पुन्हा वाचा."

पाटी पुन्हा वाचली आणि माझी मलाच लाज वाटली. 'ऑडिओ नाही' असे तीत नव्हतेच. 'ऑडिओ आहे, पण तो मला पेलत नाही' असे होते. या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि आमच्या घरातल्या सात फिती या अंतरापायी बारा वर्षांहून अधिक काळ मुक्या ठरल्या होत्या.

मोडीचे उदाहरण घेतले तर हे चटकन कळेल. समजा, पोस्टाने एक पाकीट आले. आत एक छायाचित्र आहे आणि एक पत्र आहे. पत्र मोडीत आहे. ज्याला मोडी येत नाही तो छायाचित्र पाहून घेईल आणि पत्र बाजूला ठेवील. तो प्रामाणिक असेल तर 'मला ही लिपी येत नाही' असे म्हणेल. पण एखादा कारकून ते पत्र काढून टाकून, छायाचित्र नव्या कोऱ्या पाकिटात घालून 'सर्व कागदपत्र पोचते केले' असा शेरा मारून मोकळा झाला, तर पुढच्याला वाटणार की आत पत्र नव्हतेच. माझ्या फुकटच्या कार्यक्रमाने नेमके हेच केले होते. दुकानातल्यानेही बहुधा तेच केले असावे.

चित्रफितीची फाइल ही अशीच पाकिटासारखी असते. ३जीपी, एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही, एमओव्ही ही पाकिटांची नावे. आत चित्र एका लिपीत आणि ध्वनी दुसऱ्या लिपीत, असे वेगवेगळे लिहिलेले असतात. या लिपीला 'कोडेक' म्हणतात. पाकिटाचे नाव फाइलीच्या नावात दिसते; लिपीचे नाव दिसत नाही. म्हणून एकाच्या एमपी४ फाइलीतून आवाज येतो आणि दुसऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या फाइलीतून येत नाही. दोष पाकिटाचा नसतो, ते उघडणाऱ्याला आतली लिपी येत नसते.

मग लिपी ओळखायची कशी? येथे दोन साधने कामी आली. पहिले व्हीएलसी हा प्लेअर. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून तो निघाला आणि २००१ पासून मुक्त परवान्याने सर्वांना खुला झाला. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे एवढे चीज झाल्याचे उदाहरण आमच्या वर्गात सांगण्याजोगे आहे! त्याचे वैशिष्ट्य असे की तो लिप्या वाचण्यासाठी संगणकावर अवलंबून राहत नाही, स्वतःबरोबर आपले वाचक घेऊनच येतो. मी पहिली फीत त्यात घातली, कानांवर हेडफोन चढवले आणि प्रथम नुसती खरखर ऐकली. मग कुठून तरी कोंबडा आरवला. आणि मग आजी म्हणाली, "रे झिला, आधी ता बंद कर. माका लाज वाटता."

आईला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून पीठ लागल्या हातांनी आली आणि उभीच राहिली. त्या दिवशी पुढे काही काम झाले नाही.

दुसरे साधन मीडियाइन्फो. ते फाइल वाजवत नाही, आत काय काय आहे त्याची यादी देते. माझ्या फितीची यादी अशी : पाकीट ३जीपी, चित्र एच.२६३ या लिपीतले, आकार १७६ गुणिले १४४ ठिपके, सेकंदाला सुमारे १५ चौकटी. ध्वनी एएमआर, नॅरो बँड, एक वाहिनी, सेकंदाला ८००० नमुने. ही 'एएमआर' नावाची लिपीच सगळ्या घोटाळ्याचे मूळ होती.

एएमआरची गोष्ट भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला रंजक वाटेल. ही लिपी संगीतासाठी किंवा चित्रपटासाठी केलेलीच नाही. ती मोबाइलवरच्या संभाषणासाठी केली गेली आणि ३जीपीपी या संघटनेने १९९९ मध्ये ती स्वीकारली. हवेतल्या लहरींची जागा महाग, म्हणून आवाज कमीतकमी शब्दांत सांगायचा, ही तिची गरज. त्यासाठी ती ध्वनिलहर जशीच्या तशी नोंदवत नाही. ती २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा घेते आणि विचारते : या क्षणी घशातून निघालेला नाद कोणत्या उंचीचा होता आणि तोंडाच्या पोकळीने त्याला कोणता आकार दिला? आपल्या पाठ्यपुस्तकात स्वरयंत्र व मुखविवर यांची जी आकृती आहे, तिचेच हे गणित म्हणा ना. त्या प्रश्नांची उत्तरे आणि वर थोडा उरलासुरला भाग एवढेच ती लिहून ठेवते. एका तुकड्यात १६० नमुने असतात. तिच्या सर्वांत चांगल्या प्रतीतही त्यांचे सार २४४ बिटांत बसते. मिनिटभराचे बोलणे शंभर किलोबाइटांहूनही कमी जागेत मावते. जुन्या स्वस्त फोनांनी चित्रफितीसाठीही हीच लिपी वापरली, कारण ती त्यांच्यात आधीच बसवलेली होती. पुढे फोन बदलले, एएसी ही लिपी सर्वत्र रुळली आणि एएमआर वाचणारे मागे पडले.

आता बदल करण्याकडे वळू. मी एफएफएमपेग हे साधन वापरले. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली ते सुरू केले. आज फाइली बदलून देणाऱ्या कितीतरी कार्यक्रमांच्या पोटात तेच असते. त्याला बटणे नाहीत, आज्ञा टंकित करावी लागते. मात्र ते तोंडावर खरे बोलते, हा त्याचा मोठा गुण. प्रथम मी त्याला सांगितले की चित्र आणि ध्वनी जसेच्या तसे ठेव, फक्त पाकीट एमपी४ कर. त्याने सरळ नकार दिला : एएमआर ध्वनी या पाकिटात घालता येत नाही. ३जीपी आणि एमपी४ ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत, पण एकाला जे चालते ते दुसऱ्याला चालतेच असे नाही. चित्राच्या एच.२६३ लिपीबद्दलही हेच रडगाणे. मग आज्ञा बदलली : चित्र एच.२६४ मध्ये लिही, ध्वनी एएसीमध्ये लिही. आता चित्रही आले, आवाजही आला. एकेका फितीला काही सेकंद पुरले. ज्यांना आज्ञा टंकित करण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी हँडब्रेक हा बटणांचा कार्यक्रम आहे. त्यात 'ऑडिओ' या पानावर जाऊन एएसी निवडावे.

या पानाविषयी एक इशारा. तेथे 'पासथ्रू' असा एक पर्याय असतो. त्याचा अर्थ ध्वनीला हात न लावता तसाच पुढे जाऊ देणे. मूळ लिपी चांगली असेल तेव्हा हा पर्याय उत्तम. पण जी लिपी वाचता येत नाही म्हणून आपण बदल करीत आहोत तीच पुन्हा नव्या पाकिटात गेली, तर काय उपयोग? आमच्या एका मित्राने आपल्या एकांकिकेच्या बाबतीत असेच केले. ती एव्हीसीएचडी जातीच्या कॅमेऱ्यावर घेतलेली होती. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या या पद्धतीत ध्वनी बहुधा एसी-३, म्हणजे डॉल्बीच्या लिपीत असतो. ती वाचण्यासाठी उत्पादकाला परवाना घ्यावा लागे, म्हणून पुष्कळ फोनांत तिचा वाचकच नसतो. तिच्यावरची शेवटची एकस्वे २०१७ मध्ये संपली, पण जुने फोन काही त्यामुळे शिकून शहाणे झाले नाहीत. मित्राची नवी फाइल संगणकावर बोलत होती आणि फोनवर मुकी होती. दोष फोनचाच असे तो शपथेवर सांगत होता.

पासथ्रू काढल्यावर आवाज आला खरा, पण एक नवीच गंमत झाली. दुसऱ्या एका कार्यक्रमातून काढलेल्या प्रतीत पेटी-तबला स्वच्छ, प्रेक्षकांच्या टाळ्या स्वच्छ, आणि नटांचे संवाद मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखे. त्या कॅमेऱ्याने सहा वाहिन्यांत ध्वनी घेतला होता : डावी, उजवी, मधली, मागच्या दोन आणि एक खर्जाची. समोरून येणारे संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत होते. त्या कार्यक्रमाने सहाच्या दोन करताना डावी-उजवी तेवढी उचलली आणि मधली सोडून दिली. खरे पाहता मधल्या वाहिनीचा साधारण ०.७ पट आवाज दोन्हीकडे मिसळावयाचा असतो. हँडब्रेकमध्ये 'मिक्सडाउन'च्या जागी 'स्टीरिओ' निवडल्यावर संवाद जागेवर आले. आवाज येतो म्हणजे सर्व आवाज येतो, असे नाही.

माझ्या फितींकडे परत येते. आवाज मिळाला, आता प्रकल्प सुरळीत होईल अशा आनंदात मी होते. विषयही ठरवला होता. मराठीत च आणि ज यांचे दोन दोन उच्चार आहेत : 'चार' मधला तालव्य च आणि 'चारा' मधला दंततालव्य च़, 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे लिहिण्यात एक, बोलण्यात दोन. आजीच्या बोलण्यात हे दोन उच्चार कुठे कसे येतात ते पाहावयाचे, असा माझा बेत. त्यासाठी फितीतला ध्वनी वेगळा काढून, पुन्हा न दाबता, साध्या डब्ल्यूएव्ही फाइलीत ठेवला. हे आवर्जून सांगते, कारण अभ्यासासाठी एएसी किंवा एमपी३ची प्रत करणे म्हणजे सारांशाचा पुन्हा सारांश करणे होय. सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे मिनिटाला एक मेगाबाइटही लागत नाही; कंजूषपणाचे कारण नाही. ही फाइल ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेल्या प्राट या कार्यक्रमात उघडली. प्राट ध्वनीचा आलेख काढून दाखवते; खालपासून वरपर्यंत कोणत्या कंपनसंख्येत किती जोर आहे ते काळ्या-करड्या छटांत दिसते.

आलेखात ४००० कंपनांच्या वर काहीच असण्याचा संभव नव्हता, आणि तसे काही नव्हतेही. सेकंदाला ८००० नमुने घेतले तर त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने पकडता येतात, हा ध्वनिमुद्रणाचा मूळ नियम. स या वर्णाचा सीत्कार बराचसा ४००० च्या वर असतो. दंततालव्य च़ च्या शेपटीलाही तसाच सीत्कार असतो, तालव्य च चा घर्षणभाग त्याहून खाली असतो; म्हणजे या दोहोंना वेगळे करणारी निशाणीच मुख्यतः कापल्या गेलेल्या भागात. मी ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर नेऊन पाहिला. फाइल सहा पट फुगली, आलेखाची वरची पाटी कोरीच राहिली.

"पण सर, मला ऐकू येतो ना फरक! 'चारा' म्हणताना ती च़च म्हणते," असे मी म्हटले. सरांनी मला वीस शब्द संदर्भातून तोडून, उलटसुलट क्रमाने ऐकवले. त्यांपैकी अनेक मी चुकले. शब्द माहीत असला म्हणजे कान उरलेले आपल्या पदरचे भरतो, हे त्या दिवशी मला पुस्तकाबाहेर कळले. सर म्हणाले, "फितीत नाही ते प्रकल्पात लिहू नका." मनाला लागले. आजीचा आवाज परत मिळाला, आणि तिच्या तोंडचा च कसा होता हे आता कोणत्याही यंत्राला सांगता येणार नाही. ते त्या फोनने २००८ सालीच, मुद्रण करतानाच, गाळून टाकले होते.

विषय बदलला. स्वरांचे आकार ठरवणारी कंपने बहुतांशी ३५०० च्या आत असतात, आणि 'माका', 'तुका', 'खंय', 'चेडू' हे शब्द तर कितीही खरखरीतून कळतात. तेव्हा 'ला' ऐवजी 'का' हा प्रत्यय आजी कुठे वापरते, आणि मुंबईहून आलेल्या मामांच्या भाचरांशी बोलताना कुठे 'ला' कडे वळते, यावर मी चार पाने लिहिली. तिचे 'का' आणि 'ला' एकाच वाक्यात शेजारी शेजारी येतात अशी तीन ठिकाणे सापडली, ती सरांनाही आवडली.

ज्यांना असे काम करावयाचे आहे त्यांना माझ्या चुकांतून सुचलेल्या दोन गोष्टी. मूळ कार्डाला हात लावण्यापूर्वी त्यातले सर्व दोन निरनिराळ्या जागी उतरवून घ्यावे. कार्ड ज्या मोठ्या खोबणीत घालून संगणकाला लावतात तिच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो लॉक या बाजूला सरकवला की वाचक यंत्रांपैकी बहुतेक त्यावर काही लिहू देत नाहीत. आणि बदललेली प्रत मिळाली म्हणून मूळ कधीही पुसू नये. पूर्ण फीत बदलण्यापूर्वी एखाद्या मिनिटाचा तुकडा बदलून तो फोन, संगणक आणि हेडफोन अशा तिन्हींवर ऐकावा. माझा पहिला आठवडा यानेच वाचला असता. घरगुती फितींत शेवटही ऐकून पाहावा, कारण जुने फोन चौकटी समान वेगाने घेत नसत आणि लांब फितीत ओठ आणि शब्द यांची फारकत होते. हँडब्रेकमध्ये चौकटींचा वेग 'कॉन्स्टंट' ठेवल्यावर माझ्या एका फितीतली ती तक्रार गेली.

सातपैकी सहा फिती आता बोलतात. सातवी, विहिरीची, कुठेच उघडत नाही. तिचा रोग ध्वनीचा नाही. फोनची बॅटरी मध्येच संपल्यामुळे फाइलीच्या अखेरीस लिहावयाची अनुक्रमणिका लिहिलीच गेली नसावी. त्याच फोनवरची धड फाइल नमुना म्हणून देऊन मोडकी जुळवून घेणारी साधने आहेत, आणि नमुन्याला माझ्याजवळ सहा फिती आहेत. परीक्षा संपल्यावर तो प्रयत्न करावयाचा आहे. तोवर कार्ड पुन्हा बांगड्यांच्या डबीत ठेवले आहे, खटका लॉकवर करून.